बाळूचा गुडघा आणि कंपनीचा लोगो

लेख मागायला संपादकबाईंचा फोन आला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही जिममध्ये होतात ना?" मी म्हटलं, "नाही हो, मी जिमच्या मशीनमध्ये होते." त्या खूप हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. साठी उलटलेली, बडोद्याच्या कारेलीबागेत राहणारी, सुती साडी नेसणारी मराठी बाई आणि जिम, असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक तर योगाची चटई येते, नाहीतर वजन उतरवायच्या चूर्णाचा डबा. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सयाजीगंजातल्या आमच्या युनिव्हर्सिटीत शिकले आणि पुढची उमेदीची सगळी वर्षं गोरव्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात व्यायामाची मशीनं डिझाइन करण्यात घालवली. त्यातही माझा प्रांत पायांचा. छातीची, दंडांची मशीनं पुरुष इंजिनिअर भांडून घ्यायचे, कारण ती मशीनं जिमच्या दर्शनी भागात ठेवतात. पाय कोपऱ्यात असतात. म्हणून पाय मीनाक्षीबेनना. मीनाक्षीबेन म्हणजे मी. बडोद्यात मराठी बाईसुद्धा कारखान्यात शिरली की बेन होते.

आता मशीन म्हणजे काय ते सांगते, कारण पुढची सगळी रड त्यावरच आहे. खुर्चीत बसायचं. घोट्याच्या पुढे एक गुबगुबीत लोड येतो. तो पायाने वर उचलत गुडघा सरळ करायचा. लोड एका दांड्याला लावलेला, दांडा गुडघ्याशेजारच्या शाफ्टवर फिरतो, त्याच शाफ्टवर एक चाक, चाकावर पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला वजनाच्या पाट्यांचा मनोरा. पाय वर गेला की पाट्या वर. चाक गोल असेल तर भार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच लागतो.

पण पायाची ताकद सारखी नसते ना! गुडघा वाकलेला असताना बऱ्यापैकी जोर लावता येतो, मध्यावर सगळ्यात जास्त, आणि पाय सरळ होत आला की ताकद एकदम ओसरते. पटत नसेल तर खुर्चीत बसून पाय सरळ करा आणि शेवटी शेवटी कुणाला तरी वरून दाबायला सांगा. नवऱ्याला सांगू नका, तो मस्करी करत बसेल. तर म्हणून चाक गोल ठेवायचं नाही. पाय जिथे दणकट तिथे चाक फुगीर, जिथे दुबळा तिथे चाक आत घेतलेलं. एखाद्याने दार कडीपाशी धरून ठेवलं तर उघडताना आपली दमछाक होते, तोच माणूस बिजागरीपाशी धरून उभा राहिला तर दार सहज उघडतं. माणूस तोच, त्याचा जोर तोच, धरायची जागा वेगळी. अशा वेड्यावाकड्या चाकाला कॅम म्हणतात. माझं आयुष्य ह्या कॅमचा वेडेपणा नेमका कुठे आणि किती असावा हे ठरवण्यात गेलं.

ते पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तकातले पाय परदेशातले. मी किराणा दुकानात असतो तसला लटकता काटा आणला आणि जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधल्या माणसांच्या घोट्याला बांधून वेगवेगळ्या कोनात त्यांचा जोर मोजला. पहिले काही दिवस सगळ्यांना वाटलं बेनचं डोकं फिरलं. मग पैज लागायला लागली, कोण काटा जास्त ओढतो. नंतर मी कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या बायकांनाही बसवलं. भिशीच्या दुपारी एकेकीच्या पायाला काटा. त्यात कळलं की परदेशी मशीनची सीट आपल्या बायकांच्या मांडीला लांब होते. पाठ टेकली तर गुडघा सीटवरच अडकतो, गुडघा पुढे घेतला तर पाठ हवेत. आमच्या कंपनीत त्याआधी कैक वर्षं ती सीट परदेशी कॅटलॉगमधून पट्टीने मोजून उतरवलेली होती. छापील फोटोवर पट्टी ठेवून! आणि ह्या लोकांना मी इंजिनिअर म्हणायचं.

गिऱ्हाइकांबद्दल तर बोलूच नये, पण बोलते. सयाजीगंजात होस्टेलांच्या गल्लीत जिम काढलेला एक पहिलवान मशीन बघायला आला. कॅम बघितला नाही, सीट बघितली नाही, बसूनही बघितलं नाही. पाट्या मोजल्या. म्हणाला, "बेन, आ तो ओछा छे. बाजूवाल्या जिमकडे जास्त पाट्या आहेत." मी समजावलं की कॅममुळे मध्यावर ह्याच पाट्या दीडपट जड लागतात. तो म्हणाला, लागतात ते कुणाला दिसतं? दिसल्या पाहिजेत. आणि पाट्या आपटल्यावर आवाज झाला पाहिजे, रबर काढून टाका. त्या जिममध्ये मी एकदा गेले होते. पोरं आरशासमोर दंड फुगवून उभी. वर वडाचं खोड आणि खाली शेवग्याच्या शेंगा. पायांच्या मशीनवर कुणीतरी हेल्मेट आणि डबे ठेवले होते.

दुसरा एक शेठ. त्याला बंगल्यात पायाने ढकलायचं मोठं मशीन हवं होतं, ते टीव्हीसमोर आलं पाहिजे आणि सोफ्याच्या रंगाचं पाहिजे. महिनाभर त्याच्या आर्किटेक्टने माझं डोकं खाल्लं. वर्षाने सर्व्हिसला गेलेल्या फिटरने सांगितलं, मशीन झकास आहे, त्यावर चादरी वाळतात.

आणि आमचे मालक, हर्षदभाई. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. हर्षदभाईंना मशीनमधलं एवढंच कळायचं की ते चकाकलं पाहिजे. सुरुवातीला कॅम बघून मला म्हणाले, "मीनाक्षीबेन, आ ईंडा जेवुं शुं बनाव्युं? हे अंड्यासारखं काय? गोल करी नाखो ने, लेथवर स्वस्तात होईल." मी म्हटलं, गोल केलं तर त्याला पुली म्हणतात, आणि पुली विकायची असेल तर मला पगार कशाला देता? ते हसले. हसण्यावारी नेणं ही त्यांची खरी हुशारी. पण कॅम राहिला, कारण कॅटलॉगमध्ये 'सायंटिफिक' असं छापता आलं.

मग फिजिओथेरपीची सेंटरं निघायला लागली. गल्लोगल्ली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांसाठी मी पायाचं एक वेगळं मशीन केलं. ऑपरेशननंतर माणसाचा पाय शेवटी सरळ होतच नाही, शेवटचा टप्पा उरतो आणि तिथेच तो हरतो. म्हणून मी कॅम असा काढला की सगळ्यात जड भार सुरुवातीलाच लागावा आणि शेवटी अगदी नावापुरता उरावा. रुग्णाला पाय सरळ होताना दिसला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो परत येतो. ह्या एका चाकावर मी जीव ओतला होता, सांगायला लाज कशाची? हर्षदभाईंनीही त्यावर जीव ओतला. त्यांनी कॅमच्या बाहेरच्या अंगावर कंपनीचा लोगो कोरून घेतला, त्यात लाल रंग भरला आणि वर पारदर्शक झाकण बसवलं, म्हणजे पाय हलला की लोगो फिरताना दिसेल. नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, असू दे बापडा, लोगोचं काही वजन नाही.

आता बाळू. बाळू मोरे आमच्या कॉन्ट्रॅक्ट बसचा ड्रायव्हर. कारेलीबागेतून गोरव्याच्या कारखान्यांची माणसं नेणारी बस. त्याचे पूर्वज संस्थानाच्या पागेत होते, तो गाडीवर. मी पुढच्या सीटवर, तो स्टिअरिंगवर, अशी आमची कितीतरी वर्षांची ओळख. मला उशीर झाला तर बस थांबवून ठेवायचा आणि मागचे कुरकुरले तर म्हणायचा, "ताई आल्याशिवाय कारखाना चालू होत नाही, बसा गप." त्या माणसाच्या स्कूटरपुढे कुत्रं आलं, तो पडला आणि वाटी फुटली. डावा गुडघा. म्हणजे क्लचचा. ऑपरेशन झालं, पाय वाचला, आणि बसच्या शेठने त्याला कारेलीबागेतल्याच एका फिजिओ सेंटरला लावून दिलं.

मधले काही महिने बसवर एक बदली ड्रायव्हर. मग एका शुक्रवारी बाळू काठी टेकत स्टॉपवर उभा दिसला. मला वाटलं, बरा झाला. तो म्हणाला, "ताई, सोमवारी ट्रायल आहे. शेठ म्हणालेत, इस्टेटला एक चक्कर मारून दाखव. जमलं तर गाडी तुझी, नाही जमलं तर हा बदलीवाला कायम."

"मग जमेल की," मी म्हटलं.

"नाही जमणार. पाय शेवटपर्यंत जातच नाही. क्लच पुरता दबत नाही." मग खाली बघत म्हणाला, "सेंटरचे डॉक्टर म्हणतात, पायात काही दोष नाही, मनात भीती बसली आहे. अंग चोरतो म्हणाले. शेठला पण तसंच सांगितलंय. घरी बायको, सुमन, पण तेच म्हणते. म्हणते, बायका बाळंतपणं करतात आणि तुम्हाला एक पाय लांब करवत नाही. तुमच्याच कंपनीचं मशीन आहे तिथे, ताई. एवढं भारी मशीन! मशीनची काय चूक, मीच मेला भित्रा."

बाळू भित्रा? पुराच्या पाण्यात विश्वामित्रीच्या पुलावरून आम्हाला सुखरूप घरी आणणारा हा माणूस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मशीन माझं होतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. शनिवारी सकाळी त्याला घेऊन सेंटरवर गेले.

सेंटर एका दुकानावर. काचेचं दार उघडल्या उघडल्या समोर माझं मशीन, आणि त्यावर लाल लोगो झळकतोय. फिजिओसाहेब तिशीचे, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. मी कंपनीची म्हटल्यावर त्यांनी एकदम कौतुक सुरू केलं, "बहु सरस मशीन छे!" मग बाळूकडे मान वळवून म्हणाले, "पेशंट कोऑपरेट नथी करता." माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल असं बोलायचं कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे.

बाळू बसला. पाय निघाला तो झपकन वर आला, इतका सहज की मला तिथेच शंका आली. मध्यावर थांबला. मग मांडी थरथरायला लागली, कपाळावर घाम, पाय पुढे सरकेना. "जुओ," फिजिओसाहेब म्हणाले, "इथेच सोडून देतो. डर."

मी म्हटलं, ऊठ रे. पदर खोचला आणि स्वतः बसले. माझे गुडघे चांगले आहेत, रोज जिने चढते. पहिल्या अर्ध्यात भार जवळजवळ नाहीच. आणि जिथे फूल उचलल्यासारखं वाटायला हवं तिथे धोंडा. माझाही पाय शेवटपर्यंत गेला नाही. मी खाली वाकून झाकणातून बघितलं आणि मला हसावं का रडावं कळेना. कॅम पालथा बसवलेला होता.

तो पालथा कसा झाला ते सांगायला हवं. माझ्या नकाशात पाट्यांचा मनोरा आणि कॅम खुर्चीच्या उजव्या अंगाला. ह्या सेंटरमध्ये उजवीकडे भिंत. म्हणजे लोगो भिंतीकडे तोंड करून बसणार. ते हर्षदभाईंना कसं चालेल? त्यांनी वर्कशॉपमध्ये डावरं मशीन करून घेतलं, मनोरा डावीकडे, दाराच्या बाजूला. ह्यातही काही बिघडत नाही. कॅम आहे तसाच डावीकडे सरकवायचा. पण तसा सरकवला की लोगोचं अंग आत, खुर्चीखाली जातं. म्हणून त्यांनी तो पालथा केला, नवी भोकं पाडली आणि ठोकून दिला. लोगो बाहेर आला. कागदावर डावं पाऊल काढून कापा आणि तो कागद पालथा करा, उजवं पाऊल होतं. कॅमचंही तेच झालं. जे शेवटी यायचं ते सुरुवातीला आलं आणि सुरुवातीचं शेवटी. दुबळ्या माणसाच्या सगळ्यात दुबळ्या जागी आम्ही सगळ्यात जड ओझं ठेवलं होतं. आणि तो ते उचलू शकला नाही म्हणून त्याला भित्रा ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तशीच रिक्षा करून गोरवा गाठला. वर्कशॉपमध्ये कनुभाई, आमचे सगळ्यात जुने फिटर, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. विचारलं, कॅम कुणी फिरवला? "मोटाभाईए कह्युं," ते म्हणाले. मोटाभाई म्हणजे मालक. "चाक ते चाक, बेन. आ बाजू के पेली बाजू." माझी केबिन वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे. भिंतीला खिडकी. पण ह्या कारखान्यात मला विचारायची पद्धतच नव्हती. आणि बाई माणूस म्हणून फिटिंग बघायला मला बाहेर कधी पाठवलं नाही. नकाशा काढून दिला की माझं काम संपलं, उरलेली सगळी अक्कल पुरुषांची.

हर्षदभाईंसमोर मी मशीनचं चित्र काढून दाखवलं. त्यांना कळलं. न कळायला ते मूर्ख नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पण बेन, लोगो अंदर जाय ए केम चाले?"

मी म्हटलं, लोगोचं नंतर बघू. आधी बसच्या शेठला एक फोन करा. एवढंच सांगा की मशीन चुकीचं बसलं होतं, माणसात खोट नाही, त्याला अजून महिनाभर द्या. शेठ तुमच्या ओळखीचे, तुमच्याच शब्दावर बस चालते. एका फोनने एका माणसाची नोकरी वाचते.

"असं कसं सांगू?" हर्षदभाई म्हणाले. "डावरी मशीनं बाकीच्या सेंटरांना पण गेली आहेत. एकाला कबूल केलं की उद्या सगळे उभे राहतील. आपण असं करू, सेंटरवाल्याला सांगू पाट्या कमी लावा."

"पाट्या कमी केल्या तरी शेवटी जडच राहणार."

"तो पछी कसरत छे, थोडी तो जड लागे ने!"

इतक्या वर्षांत मी त्या माणसाच्या मूर्खपणाला हसले होते, चिडले होते, पण किळस पहिल्यांदा आली. दार आपटून निघाले आणि थेट बसच्या शेठच्या ऑफिसात गेले, त्याच रस्त्यावर पुढे. त्याला सगळं सांगितलं. शेठ सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बेन, तुम्ही तर त्याच्या बसने येता, तुम्हाला लागणारच." आणि माझ्यासमोर हर्षदभाईंना फोन लावला. स्पीकरवर. पलीकडून हर्षदभाईंचा मधाळ आवाज, "मशीन परफेक्ट छे. बेन जरा भावुक थई गया छे. भला माणस छे बिचारा." शेठने फोन ठेवला आणि माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.

सोमवारी मी कारखान्यात गेले नाही, इस्टेटच्या फाटकापाशी उभी राहिले. बाळूने इस्त्रीचा शर्ट घातला होता, डॅशबोर्डवरच्या देवाला हात लावला. बस निघाली, पहिला गिअर कसाबसा पडला, वळणावर दुसरा टाकताना गिअरबॉक्स करकरला. बसने उसळी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. बदली ड्रायव्हर बिडी टाकून पुढे आला. शेठच्या माणसाने बाळूला खाली उतरायला हात दिला, तोही अगदी सभ्यपणे. इथे सगळे सभ्यच होते.

मंगळवारी मी कनुभाईंकडे पान्यांचा संच मागितला. "सोबत या," म्हटलं. "बेन, मारी नोकरी..." ते म्हणाले आणि संच माझ्या हातात ठेवून पाठ फिरवून ग्राइंडर लावला. ठीक आहे. कमीत कमी संच तरी दिला. पिशवीत तो घेऊन मी सेंटरवर गेले, बाळूला बोलावून घेतलं आणि मशीनचं झाकण उघडलं. फिजिओसाहेब धावत आले. "आंटी, वॉरंटी जाएगी!" मी म्हटलं, "वॉरंटीचा मजकूर मीच लिहिलाय, बाजूला हो." माझी मूळची भोकं कॅममध्ये तशीच होती. कॅम काढला, सरळ केला, पट्टा ओवला, बोल्ट आवळले. हाताला ग्रीस, साडीला ग्रीस. लोगो आत गेला, दारातून आता कोरं लोखंड दिसायला लागलं. मला ते फार देखणं वाटलं.

"बस," मी बाळूला म्हटलं.

"आता कशाला ताई? गाडी गेली."

"बस म्हणते ना!"

तो बसला. पाय भार घेत हळू निघाला, मध्यावर मांडी ताठरली आणि मग पाय पुढे जात राहिला. जात राहिला आणि सरळ झाला. पुरता सरळ. बाळू त्या पायाकडे बघतच राहिला. खाली आणला, पुन्हा नेला, पुन्हा सरळ. फिजिओसाहेब म्हणाले, "अरे वा, आज कॉन्फिडन्स आवी गयो!" मी त्यांच्याकडे वळून जे बोलले ते छापण्यासारखं नाही, पण त्यात कॉन्फिडन्स हा शब्द होता.

"ताई," बाळू म्हणाला, "म्हणजे मी भित्रा नव्हतो?"

"नव्हतास रे. चाक पालथं होतं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "हे जरा घरी येऊन सुमनला सांगाल? मी सांगितलं तर तिला वाटेल, सबब सांगतोय."

गाडी परत मागायला चला असं नाही म्हणाला. शेठकडे चला, मालकाकडे चला, काही नाही. बायकोला सांगा. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतका संताप आला की मशीनला लाथ घालावीशी वाटली.

गेलो. सेंटरच्या मागच्याच वस्तीत त्याची दोन खोल्यांची जागा. सुमन ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती, तिने मला ओळखलं, बसायला पाट दिला. मी तिला सगळं सांगितलं, खुर्ची, चाक, लोगो, पालथं, सुलटं. पिठाच्या परातीत बोटाने चाक काढून दाखवलं. बाळू दारातच उभा, आरोपीसारखा. तिने शेवटपर्यंत ऐकलं. तव्यावरची भाकरी काळी पडली तरी उलटली नाही. मग गॅस बंद केला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी ह्यांना फार बोलले हो." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"ताई, ह्यांची तर गाडी गेली. ज्यांनी ते उलटं बसवलं त्यांची नोकरी गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांची नाही जाणार. माझी जाईल."

"तुमची? तुमची कशापायी?"

"मी सुलटं बसवलं ना!"